पार्व्हाल्ब्युमिनमधील रेसिड्यूंचे संपर्क: अंतराची मर्यादा कशी ठरवावी?

प्रश्न: किनारी_जीवरसायन (रत्नागिरी)

सर्वांना नमस्कार. मी रत्नागिरीत जीवरसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. प्रकल्पासाठी मी माशांच्या स्नायूंतील पार्व्हाल्ब्युमिन हे प्रथिन निवडले आहे. मासळीची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेकांचे शरीर याच प्रथिनाविरुद्ध प्रतिक्रिया देते, आणि ते उष्णतेला सहसा दाद देत नसल्यामुळे बांगड्याचे तिखले कितीही वेळ रटरटले तरी अशा माणसाला व्हायचा तो त्रास होतोच. हा चिवटपणा कोणत्या रेसिड्यूंच्या (म्हणजे साखळीतील अमिनो आम्लांच्या) परस्परसंपर्कावर उभा आहे, हे मला पाहायचे आहे.

त्यासाठी प्रोटीन डेटा बँक (पीडीबी) या प्रथिनरचनांच्या संग्रहातील ४सीपीव्ही ही कार्प माशाच्या पार्व्हाल्ब्युमिनची रचना घेतली. तिचे रिझोल्यूशन, म्हणजे तपशिलाची बारकाई, १.५ अँगस्ट्रॉम आहे (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग). फाइलमधून 'सीए' नावाचे अणू (अल्फा कार्बन, म्हणजे प्रत्येक रेसिड्यूचा मुख्य साखळीतील मधला कार्बन) वेचले आणि ज्या दोन अणूंमधील अंतर ८ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी आहे ती जोडी संपर्कात आहे, असे धरले. यात तीन अडचणी आल्या. प्रथिनात रेसिड्यू १०८ असताना तक्त्यात ओळी ११० येतात, आणि शेवटच्या दोन ओळींत संपर्कांची विलक्षण गर्दी दिसते. दुसरे असे की, संपर्कांच्या नकाशात (दोन्ही अक्षांवर रेसिड्यूंचे क्रमांक, प्रत्येक संपर्काला एक ठिपका) बहुतेक ठिपके कर्णालगतच, म्हणजे साखळीत जवळजवळ असलेल्या जोड्यांपाशीच, साचलेले आहेत. तिसरे म्हणजे, हायड्रोजन सोडून इतर सर्व अणू घेऊन ४.५ अँगस्ट्रॉमची मर्यादा लावली तर यादी बरीच बदलते. काही जोड्या नव्याने येतात, काही नाहीशा होतात. यांपैकी कोणती यादी ग्राह्य धरावी?

उत्तर १: मांडवी_बंदर

पहिल्या अडचणीपुरते लिहितो. त्या दोन ओळी रेसिड्यूंच्या नसून कॅल्शियमच्या आयनांच्या आहेत. पीडीबीच्या फाइलमध्ये अल्फा कार्बन आणि कॅल्शियम या दोघांचेही नाव 'सीए' असेच लिहिले जाते. फरक असतो तो केवळ जागेचा. अणूच्या नावासाठी १३ ते १६ हे रकाने राखलेले आहेत, त्यांत अल्फा कार्बनचे नाव चौदाव्या रकान्यापासून सुरू होते आणि कॅल्शियमचे तेराव्यापासून. नावाच्या आजूबाजूची मोकळी जागा काढून टाकणारा प्रोग्रॅम हा भेद पुसून टाकतो. ७७ आणि ७८ या रकान्यांत मूलद्रव्याचे चिन्ह असते, ते तपासावे, किंवा हेटअ‍ॅटमच्या ओळी (प्रथिनाच्या साखळीबाहेरच्या अणूंच्या) वेगळ्या काढाव्यात. एरवी हा गोंधळ फारसा कोणाला भेटत नाही, पण आपण नेमके कॅल्शियम धरून ठेवणारे प्रथिन निवडले आहे.

मात्र ते आयन वेगळे काढले तरी टाकून देऊ नयेत. त्यांचा हिशेब निराळा ठेवावा.

उत्तर २: वेंगुर्ला_कट्टा

ताई, दोन्ही याद्या आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण त्या दोन निरनिराळ्या गोष्टी मोजतात. अल्फा कार्बनमधील अंतरावरून मुख्य साखळी कुठे कशी वळली आहे ते कळते. साइड चेन, म्हणजे रेसिड्यूची मुख्य साखळीतून बाजूला फुटलेली फांदी, किती लांब आहे आणि तिचे तोंड कोणीकडे आहे, हे त्यावरून कळत नाही. माडांच्या वाडीत दोन बुंधे दूर असूनही झावळ्या एकमेकींत अडकलेल्या असतात, तसे लायसिन, अर्जिनिन, ग्लुटामेट अशा लांब साइड चेनच्या रेसिड्यूंचे होते. उलट, ज्यांच्या साइड चेन विरुद्ध दिशांना गेल्या आहेत असे दोन रेसिड्यू अल्फा कार्बनच्या मोजणीत शेजारी ठरतात, पण त्यांचा एकही अणू दुसऱ्याच्या अणूला टेकलेला नसतो.

कर्णालगतच्या गर्दीचे कारण हेलिक्समध्ये, म्हणजे साखळीच्या मळसूत्री वळणांत, आहे. साखळीतील लागोपाठच्या अल्फा कार्बनमध्ये सुमारे ३.८ अँगस्ट्रॉम अंतर असते. अल्फा हेलिक्समध्ये तीन जागा पुढचा रेसिड्यू सुमारे ५ आणि चार जागा पुढचा सुमारे ६.२ अँगस्ट्रॉमवर येतो. म्हणजे ८ ची मर्यादा लावली की हेलिक्समधील प्रत्येक रेसिड्यूला हे शेजारी आपोआप मिळतात, आणि पार्व्हाल्ब्युमिनमध्ये तर ए पासून एफ पर्यंत सहा हेलिक्स आहेत. या ठिपक्यांवरून आपल्याला एवढेच कळते की तिथे हेलिक्स आहे. हेलिक्स एकमेकांवर कसे रचले आहेत हे पाहायचे असेल तर क्रमातील अंतर चार किंवा त्याहून कमी असलेल्या जोड्या वगळाव्यात. एकूण ५,७७८ जोड्यांपैकी त्यामुळे फार थोड्या गळतात, पण नकाशा वाचता येऊ लागतो.

आपला प्रश्न स्थैर्याचा असल्यामुळे मी सर्व जड (हायड्रोजन सोडून इतर) अणूंची ४.५ अँगस्ट्रॉमची मर्यादा पसंत करीन. कार्बनची व्हॅन डर वाल्स त्रिज्या (बंध नसलेल्या अणूची त्रिज्या) सुमारे १.७ अँगस्ट्रॉम धरतात, म्हणून दोन कार्बन टेकले की त्यांच्यातील अंतर ३.४ च्या आसपास येते, ४.५ मध्ये अणूंची हालचाल आणि जागांमधील अनिश्चितता सामावली जाते, आणि मध्ये पाण्याचा रेणू शिरण्याइतकी फटही राहत नाही.

त्यापुढे संपर्कांची नुसती संख्या न सांगता त्यांचे प्रकार पाडावेत. कार्पच्या या प्रथिनात टायरोसिन किंवा ट्रिप्टोफॅन एकही नाही. फेनिलअ‍ॅलानिन मात्र दहा आहेत आणि त्यांतील बरेचसे गाभ्यात एकमेकांना बिलगून बसलेले आहेत. अर्जिनिन संपूर्ण साखळीत एकच आहे, ७५ व्या जागी, आणि त्याचा ८१ व्या ग्लुटामेटशी सॉल्ट ब्रिज (विरुद्ध भारांमधील बंध) आहे. अशा जोडीसाठी कार्बॉक्सिलचा ऑक्सिजन व अर्जिनिनचा नायट्रोजन यांच्यात ४ अँगस्ट्रॉमची मर्यादा लावण्याची पद्धत आहे. हायड्रोजन बंधासाठी दाता व ग्राहक अणूंमध्ये साधारण ३.५ धरतात. हा एक सॉल्ट ब्रिज आणि गाभ्यातील एखादा सैल स्पर्श यांना यादीत सारखेच वजन देणे मला तरी पटत नाही.

उत्तर ३: देवगड_दुर्ग

वरील उत्तराशी बव्हंशी सहमत आहे, परंतु ४.५ या आकड्यालाही पवित्र मानू नये. जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मुख्य साखळीच्या शक्य वळणांचा आपला प्रसिद्ध नकाशा मांडला, तेव्हा अणूंच्या प्रत्येक प्रकारच्या जोडीसाठी एक सर्वसाधारण आणि एक टोकाची अशा दोन मर्यादा ठेवल्या होत्या. कार्बन-कार्बनसाठी त्या ३.२ आणि ३.० होत्या. त्यांचा प्रश्न वेगळा होता, अणू किती जवळ येऊ शकतात हा. पण एकच रेघ न ओढण्याचा सावधपणा घेण्यासारखा आहे. ४, ४.५ आणि ५ या तिन्ही मर्यादांना टिकणारे संपर्क वेगळे नोंदवा. जे केवळ ५ ला दिसतात, त्यांच्यावर निष्कर्षाचा भार टाकू नका.

एकाच अणूच्या दोन पर्यायी जागा नोंदलेल्या असतील तर एकीचीच निवड करा. एका रेसिड्यूची 'ए' जागा आणि दुसऱ्याची 'बी' जागा यांच्यातील स्पर्श प्रत्यक्षात एकाच वेळी होत असेलच असे नाही.

किनारी_जीवरसायन

मनःपूर्वक आभार. मूलद्रव्याच्या रकान्याने छाननी केल्यावर ओळी १०८ झाल्या. आणखी एक विचारते. मला हीच तुलना बांगड्याच्या पार्व्हाल्ब्युमिनशी करायची आहे, आणि त्यासाठी त्याच्या अमिनो आम्लांच्या क्रमावरून अल्फाफोल्ड या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रॅमने तयार केलेले मॉडेल वापरण्याचा विचार आहे. त्यात काही विशेष काळजी घ्यावी लागेल का?

उत्तर ४: वेंगुर्ला_कट्टा

होय. स्फटिकरचनेच्या फाइलमध्ये ज्या रकान्यात बी-फॅक्टर (अणूच्या जागेची अनिश्चितता दाखवणारा आकडा) असतो, त्या रकान्यात अल्फाफोल्ड पीएलडीडीटी हा विश्वासाचा गुणांक लिहितो. बी-फॅक्टर जितका मोठा तितकी त्या अणूची जागा अनिश्चित. पीएलडीडीटी मात्र १०० च्या जितका जवळ तितका चांगला. त्यामुळे मोठ्या आकड्यांचे अणू वगळणारी चाळणी तशीच लावली तर मॉडेलमधील सर्वांत भरवशाचा भाग बाहेर फेकला जाईल.

क्रमांकही जुळवून घ्या. डेटाबँकेतील क्रमात सुरुवातीचा मेथिओनिन बहुधा मोजलेला असतो, स्नायूतील तयार प्रथिनात तो नसतो, आणि मग कार्पमधील ७५ वा अर्जिनिन मॉडेलमध्ये ७६ वा म्हणून सापडतो. दोन्ही क्रमांची मांडणी शेजारीशेजारी केल्याशिवाय नकाशे एकमेकांवर ठेवू नयेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डेटाबँकेतील अल्फाफोल्डच्या मॉडेलमध्ये कॅल्शियम नसते. कार्पच्या रचनेत सीडी आणि ईएफ (सी-डी व ई-एफ या हेलिक्सच्या जोड्यांमधल्या) या दोन्ही जागी प्रत्येक आयनाभोवती सात ऑक्सिजन आहेत; सीडीमध्ये ते ५१, ५३, ५५, ५७, ५९ आणि ६२ या रेसिड्यूंकडून येतात, आणि त्यांतील ६२ वा ग्लुटामेट आपले दोन्ही ऑक्सिजन देतो. मॉडेलमध्ये याच साइड चेन पुष्कळदा आयन जागेवर असल्यासारख्या आत वळलेल्या दिसतात, आणि मग ऋणभारित अ‍ॅस्पार्टेट व ग्लुटामेट एकमेकांच्या संपर्कात असल्याची नोंद आपल्या यादीत होते. त्यांना स्थैर्य देणारे संपर्क म्हणून मोजू नका. कॅल्शियम नसेल तर ते एकमेकांना दूरच लोटतील. कॅल्शियम धरणाऱ्या या बारा-बारा रेसिड्यूंच्या दोन लूपसाठी वेगळा तक्ता करा, त्यात कार्पच्या बाजूला आयनापासून प्रत्येक ऑक्सिजनचे अंतर लिहा, जे साधारण २.४ अँगस्ट्रॉम भरेल, आणि बांगड्याच्या बाजूला त्या जागी कोणता रेसिड्यू आहे एवढेच नोंदवा.