मदत हवी आहे: लंडनच्या आत्याची इस्टेट आणि सॉलिसिटरची फी. तासाचे पैसेही आणि टक्केही?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. विषय रुक्ष आहे, पण इथे इंग्लंडमध्ये राहणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय.

माझी आत्या लंडनजवळ हॅरोला असायची. या वर्षी गेली. काका आधीच गेले होते, मूलबाळ नाही. मृत्युपत्रात तिने सगळं तिघांना समान ठेवलंय: मी (नाशिक), धाकटा भाऊ (पुणे) आणि रेडिंगला असलेली आमची चुलतबहीण. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे सगळं निस्तरून वाटप करणारा, मात्र घरातलं कोणी नाही. मृत्युपत्र करून देणारी सॉलिसिटर (वकिलांची) फर्मच एक्झिक्युटर आहे.

फ्लॅट अंदाजे ४ लाख २० हजार पौंडांचा, बँकेत आणि प्रीमियम बॉण्डमध्ये (तिकडची सरकारी बचत योजना) मिळून १ लाख १० हजार. कर्ज नाही, भांडण नाही. फर्मचं पत्र आलं त्यात असं आहे: तासाला २८५ पौंड, काम ३० ते ४० तासांचं. शिवाय फ्लॅटच्या किमतीवर पाऊण टक्का, बाकीच्यावर दीड टक्का. वर व्हॅट. मी बेरीज केली ती सोळा हजारांपासून साडेएकोणीस हजार पौंडांपर्यंत गेली. रुपयांत करून बघायची हिंमत झाली नाही.

वेळेचे पैसे घेतल्यावर टक्का कशाचा? हे तिकडे रीतसर आहे की आम्ही लांब आहोत म्हणून चाललंय? आणि आम्ही काही बोलू शकतो का, की पैसे त्यांच्याच हातात असल्यामुळे कापून घेतील तेवढे घ्यायचे?

खवचट_काका

वकील तो वकील, ठाण्याचा असो की टेम्स काठचा. जाणकार येईपर्यंत पॉपकॉर्न घेऊन बसतो.

वेम्बलीकर

गोदाकाठ, आधी आत्यांना श्रद्धांजली.

सासऱ्यांच्या वेळी हे सगळं मी आणि बायकोने निस्तरलंय, त्यामुळे सविस्तर लिहितो. तुमच्याकडून लांब असल्याचे पैसे घेत नाहीयेत. हा टक्का इथे जुना आहे. घर सोडून बाकी मालमत्तेवर एक टक्का आणि घरावर अर्धा, आणि फर्म स्वतः एक्झिक्युटर असेल तर दीड आणि पाऊण, असा प्रघात वर्षानुवर्षं चालत आलाय. तुम्हाला नेमके तेच आकडे दिलेत. कारण असं सांगतात की रक्कम मोठी तशी जोखीम मोठी.

पण प्रघात आहे म्हणून दर वेळी लावलाच पाहिजे असं नाही. २००९ सालचा एक आदेश आहे, त्यानुसार अशा कामाची फी 'रास्त आणि वाजवी' असावी लागते. कामाची गुंतागुंत, लागलेला वेळ, मालमत्तेची किंमत, सगळं एकत्र धरून. जेम्मा ट्रस्ट विरुद्ध लिप्ट्रॉट या खटल्यात २००३ साली कोर्ट ऑफ अपीलने टक्का घेणं मान्य केलं, पण एकाच गोष्टीचे पैसे तासाच्या दरातही आणि टक्क्यातही लागणार नाहीत हे बघायला हवं, हेही त्यातून निघतं. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: २८५ च्या दरात मालमत्तेच्या किमतीचा विचार आधीच धरलाय का? लेखी विचारा. आणि उगाच परत परत नको, कारण बहुतेक फर्म पैसे लावताना सहा मिनिटांचं एक युनिट धरतात. म्हणजे तुमच्या दरात एका छोट्या ईमेलचेही साडेअठ्ठावीस पौंड. तिघांनी वेगवेगळं लिहू नका, रेडिंगच्या ताईंनी एकदाच सगळ्यांचं मिळून पाठवावं.

दुसरं, तुमची केस मला सरळ दिसते. इनहेरिटन्स टॅक्सची (वारशावरच्या कराची) सूट ३ लाख २५ हजार पौंडांची. काकांनी सगळं आत्यांना ठेवलं असेल तर त्यांची न वापरलेली सूटही आत्यांच्या इस्टेटीला मिळते, म्हणजे साडेसहा लाख. तुमची एकूण ५ लाख ३० हजार. शेवटच्या सात वर्षांत आत्यांनी मोठ्या भेटी दिल्या नसतील तर टॅक्स शून्य, आणि त्या टॅक्सचा लांबलचक फॉर्मही बहुधा लागणार नाही. (घरावरची जादा सूट मुलानातवंडांसाठी असते, भाचरांना नाही. तुम्हाला तिची गरजही नाही.) मग ४० तास कशाला, याचा हिशेब मागा. फ्लॅट विकायचा असेल तर त्याची कायदेशीर फी यात धरलीय का तेही विचारा. ती बहुतेक वेगळी असते, एजंटचं कमिशन आणखी वेगळं. प्रोबेटची (मृत्युपत्राला मिळणाऱ्या अधिकृत मंजुरीची) सरकारी फी म्हणाल तर ती ठरावीक असते, इस्टेटीच्या टक्क्यात नाही.

आता खरी गोम. वकिलाचा अशील म्हणजे एक्झिक्युटर, तुम्ही नाही. तुमच्या बाबतीत फर्म स्वतःच अशील आणि स्वतःच वकील. घासाघीस करायला पलीकडे कोणी नाहीच.

गोदाकाठ

वेम्बलीकर, मनापासून आभार. हेच डोक्यात शिरत नव्हतं. म्हणजे आत्याने विश्वासाने जे नाव घातलं तेच आता आमच्या आणि बिलाच्या मध्ये बसलंय. फर्मला बाजूला हो म्हणता येतं का? ताई म्हणते, ती स्वतः करेल. तिला रजा मिळते आणि कागदांची सवय आहे.

उंबरठा

येतं. त्यांनी अजून प्रोबेटचा अर्ज केला नसेल आणि इस्टेटीच्या कामाला हात घातला नसेल, तर ते एक्झिक्युटरपद सोडू शकतात. त्याला रिनन्सिएशन म्हणतात, छोटा फॉर्म असतो. सक्ती करता येत नाही, पण तिघांच्या सहीचं सभ्य पत्र गेलं की बऱ्याच फर्म ऐकतात. मग ताई वारस म्हणून स्वतः अर्ज करू शकतील. पत्र लवकर पाठवा. एकदा त्यांनी बँकांचे पैसे गोळा करायला सुरुवात केली की हा रस्ता बंद होतो.

मधला मार्गही आहे: फक्त प्रोबेट मिळवून देण्यापुरता वकील धरायचा, बँका-बिलं ताईंनी बघायची. त्याची फी बहुतेक ठिकाणी ठरावीक असते. डिसेंबर २०१८ पासून अशा वाद नसलेल्या प्रोबेटचे दर सॉलिसिटरांना आपल्या वेबसाइटवर द्यावे लागतात, तेव्हा हॅरो-रेडिंगमधल्या चार ठिकाणचे दर समोर ठेवूनच पत्र लिहा. नुसतं 'महाग आहे' म्हणण्यापेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो.

आणि ते हटलेच नाहीत तर? फर्मकडे लेखी तक्रार, आठ आठवडे वाट, मग लीगल ऑम्बड्समन (वकिलांविरुद्धच्या तक्रारी बघणारी संस्था). तिथे वारसांनाही तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. बिल कोर्टाकडून तपासून घेण्याची सोयही १९७४ च्या सॉलिसिटर्स अ‍ॅक्टमध्ये आहे. कलम ७१ खाली, ज्यांच्या वाट्यातून बिल जातं ते अर्ज करू शकतात. मात्र परवानगी देणं कोर्टाच्या मर्जीवर, आणि हरलात तर तो खर्चही अंगावर. माझ्या मते ते शेवटचं हत्यार.

जमाखर्च

भारताच्या बाजूचं थोडं. वारसाने मिळालेल्या पैशावर इथे आयकर नाही, आणि इस्टेट ड्यूटी १९८५ मध्येच गेली. पण पैसे तिकडच्या खात्यात तुमच्या नावावर ठेवलेत तर रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागतील, व्याजावर करही. मृत्युपत्र, प्रोबेट आणि फर्मचा अंतिम हिशेब, तिन्हींच्या प्रती जपून ठेवा. बँक विचारतेच.

खवचट_काका

पॉपकॉर्न संपले. धागा वाचनखूण करून ठेवलाय, माझा मेहुणा बर्मिंगहॅमला असतो आणि मृत्युपत्र करायचं म्हणतोय. त्याला आजच सांगतो, एक्झिक्युटर बायकोला कर.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. ताईशी बोललो. फर्मने अजून फक्त पत्रच पाठवलंय, अर्ज केलेला नाही, असं तिने फोन करून विचारून घेतलं. (त्या फोनचं युनिट लागलं की नाही ते बिलात कळेलच.) पद सोडण्याची विनंती करणारं पत्र आज-उद्या जाईल, तिघांच्या सह्यांनी. काकांचं मृत्युपत्रही ती शोधतेय, ती सूट मिळते का बघायला.

एक राहिलं. आम्हा दोघा भावांची ओळखपत्रं तिकडे प्रमाणित करून मागितली आहेत. नाशिकच्या नोटरीचा शिक्का तिकडे चालतो का? कोणी नुकतं केलं असेल तर सांगा.