लिथियमची गोळी आणि खानदेशातला उन्हाळा : अनुभवी व जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी यावल तालुक्यातील एका खेड्यात राहतो. माझ्या धाकट्या भावाला नऊ वर्षांपासून बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे द्विध्रुवी मनोविकार आहे आणि गेली सात वर्षे तो लिथियम कार्बोनेटच्या गोळ्या घेत आहे. गोळ्या सुरू होण्यापूर्वीची दोन वर्षे आम्ही कशी काढली ते आमचे आम्हालाच ठाऊक. सलग चार-चार रात्री न झोपता तो शेतात फिरत राही आणि त्यानंतरचे महिने अंथरुणात तोंड खुपसून पडून राही. लिथियमने तो सावरला, त्याचे लग्न झाले आणि आज केळीची सगळी बाग तोच सांभाळतो. म्हणून आरंभीच विनंती करतो की, पुढचे वाचून कोणी ‘गोळ्या बंदच करा’ असे कृपया सुचवू नये.

यंदा आखाजीनंतर केळीची कापणी सुरू होती आणि पारा ४४ अंशांवर होता. घड वाहून भावाची कंबर धरली, तेव्हा त्याने मेडिकलमधून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणून पाच दिवस घेतल्या. वडिलांना रक्तदाब असल्यामुळे घरातल्या भाज्यांतले मीठही आम्ही दोन महिन्यांपूर्वीच कमी केले होते. सहाव्या दिवशी जेवताना वरणाची वाटी तोंडाशी नेईपर्यंत निम्मे वरण ताटात सांडले, इतका त्याचा हात थरथरत होता. जुलाब आणि उलट्या सुरू झाल्यावर आम्ही ‘ऊन लागले’ असेच समजलो. जवळच्या डॉक्टरांनीही तोच उपचार केला, चालू औषधांची चौकशी केली नाही, आणि आम्हीही ती आपणहून सांगितली नाहीत, ही चूक मला आजही सलते. दुसऱ्या दिवशी त्याची जीभ जड झाली, चालताना तोल जाऊ लागला, तेव्हा त्याला जळगावला नेले. रक्तातील लिथियम १.९ मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर निघाले. सर्वसाधारणपणे ते ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतात आणि १.५ च्या वर गेले की विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. चार दिवस सलाईनवर ठेवल्यानंतर पातळी उतरली. आता कमी मात्रेत गोळी पुन्हा सुरू झाली आहे.

त्यानंतर मी जे वाचले आणि मनोविकारतज्ज्ञांकडून जे समजून घेतले, त्यावरून असे दिसते की मूत्रपिंड लिथियम आणि सोडियम यांत फारसा भेद करत नाही. घामातून पाणी आणि मीठ गेले, की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवू लागते आणि त्याच्याबरोबर लिथियमही रक्तात परत येते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो आणि लिथियमचा निचरा आणखी मंदावतो. भावाच्या बाबतीत ऊन, अळणी जेवण आणि कंबरेची गोळी ही तिन्ही कारणे एकाच आठवड्यात एकत्र आली.

वाचताना एक गोष्ट मनाला फार लागली. ऑस्ट्रेलियातील जॉन केड या डॉक्टरांनी उन्मादाच्या, म्हणजे बायपोलरमधील अतिउत्साही अवस्थेच्या, दहा रुग्णांना लिथियम देऊन त्याचा गुण १९४९ साली प्रसिद्ध केला. त्याच वर्षी अमेरिकेत हृदयविकाराच्या, मीठ वर्ज्य असलेल्या रुग्णांना मिठाऐवजी लिथियम क्लोराईड विकले जात होते आणि त्यातून काहींचा मृत्यू ओढवला. पुढे डेन्मार्कमध्ये मॉगेन्स शॉ या डॉक्टरांनी लिथियमच्या चिकाटीने चाचण्या केल्या, तरीही अमेरिकेत उन्मादावरील औषध म्हणून लिथियमला मान्यता मिळायला १९७० साल उजाडले. मीठ कमी आणि लिथियम जास्त, हा धोका पंचाहत्तर वर्षांपूर्वीच कळलेला असताना आमच्या घरापर्यंत तो पोहोचला नाही, याचे मला दुःख होते.

आता माझे प्रश्न. जळगाव, धुळे, नंदुरबार भागात किंवा विदर्भात ज्यांच्या घरी लिथियम चालू आहे आणि रुग्ण उन्हात कष्टाचे काम करतो, ते चैत्र-वैशाखात रक्ततपासणी किती दिवसांनी करवून घेतात? रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचे असते. कापणीच्या दिवसांत सकाळचा तो वेळ तुम्ही कसा साधता? वडिलांचे जेवण अळणी आणि भावाचे नेहमीच्या मिठाचे, अशा दोन भाज्या रोज वेगळ्या करण्यावाचून इलाज आहे का? शेतात जाताना भाऊ पाण्याची कॅन आणि ताक नेतो, पण नेमके किती आणि किती वेळाने प्यावे, याचे वेळापत्रक कोणी तज्ज्ञांकडून घेतले असल्यास कळवावे. कंबरदुखीसाठी आम्हाला पॅरासिटामॉल सांगितले आहे. त्यावर भागत नसेल तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी काय सुचवले?

शेवटचा प्रश्न अधिक अवघड आहे. लिथियमऐवजी व्हॅलप्रोएट या याच आजारावरील दुसऱ्या औषधावर जाण्याचा पर्याय डॉक्टरांनी आमच्यासमोर ठेवला आहे. त्यात उन्हाची अशी भीती नाही, मात्र यकृत आणि रक्तातील प्लेटलेट यांच्यावर लक्ष ठेवावे लागते. भावाला लिथियमच हवे आहे. ‘दादा, या गोळीने मला माझी झोप परत दिली,’ एवढेच तो म्हणतो. ज्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली असा बदल केला, त्यांनी पहिल्या सहा महिन्यांतला अनुभव सविस्तर लिहावा. पुढच्या महिन्याच्या भेटीपूर्वी मला तो भावाला वाचून दाखवायचा आहे.