राग आवरणं ही पुढची पायरी
'लीडरनं राग आवरला की झालं' असं एकांनी लिहिलंय, ते अर्धंच पटलं. मानसशास्त्रज्ञ सॅलोवी आणि मेयर यांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची (आपल्या आणि इतरांच्या भावना ओळखून सांभाळण्याच्या क्षमतेची) मांडणी केली, त्यात भावना ओळखणं आधी येतं, आवरणं नंतर. आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांत (वितळलेला धातू साच्यात ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यांत) बघा. कास्टिंगला (ओतलेल्या भागाला) ब्लोहोल, म्हणजे वायूमुळे पडलेलं छिद्र, निघाला की काही सुपरवायझर सगळ्यांदेखत झापतात. मग पुढच्या पाळीत साच्याची वाळू जास्त ओली आहे, म्हणजे पुन्हा ब्लोहोल येणार, हे दिसूनही पोरं तोंड उघडत नाहीत. रोज बडबडणारा मोल्डर (साचे करणारा कामगार) गप्प दिसला, तर बाजूला घेऊन 'काय झालं?' विचारावं. कानडी बोलणारा असेल तर मोडक्यातोडक्या कानडीत का होईना. आणि तो बोलेपर्यंत मोबाईल खिशात (हेच जास्त अवघड जातं)!