‘कॅज्युअल्टी’ला मराठीत काय म्हणावं? (हताहत, जायबंदी, मनुष्यहानी)

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये झालेल्या सोमच्या लढाईत लढलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या आठवणी मराठीत आणतोय आणि ‘कॅज्युअल्टीज’पाशी अडलोय. १ जुलै १९१६, लढाईचा पहिलाच दिवस, आकडा ५७,४७०. एका मजकुरात याचं सरळ ‘ठार’ केलेलं वाचलं. मी ‘जीवितहानी’ लिहू का?

प्रतिसाद १:
कृपया नको. जीवितहानी म्हणजे जीव गेले. त्या आकड्यातले मृत १९,२४०. जखमी ३५,४९३, बेपत्ता २,१५२ आणि शत्रूच्या हाती सापडलेले ५८५. आपणही दवाखान्यात ‘कॅज्युअल्टीत नेलं’ म्हणतो ते जिवंत माणसालाच ना?

तुमच्या कामात तर ही चूक फारच जिव्हारी लागेल. गोळी लागून तोफगोळ्याच्या खड्ड्यात दिवसभर पडून राहिलेला आणि अंधार पडल्यावर सरपटत परत आलेला माणूस त्या ५७,४७० मध्येच मोजलेला आहे. ती आठवण सांगणाराही तोच. ‘ठार’ लिहिलंत की तो बोलण्याआधीच तुम्ही त्याला मारलंत.

माझं मत ‘हताहत’ला. हत अधिक आहत, म्हणजे मेलेले आणि जखमी, दोन्ही. हिंदीत जास्त चालतो म्हणून काहींना परका वाटतो, पण घडण संस्कृत आहे, आपलाही तितकाच.

प्रतिसाद २:
‘जायबंदी’ का नको? अस्सल आपला शब्द.

प्रतिसाद १:
शब्द मलाही फार आवडतो. पण त्यात फक्त जखमी येतात, मेलेले नाहीत. उलट जुन्या पत्रांतलं ‘कामास आले’ म्हणजे फक्त मेलेले. ‘मनुष्यहानी’ त्यातल्या त्यात जवळचा, तरी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रेतंच येतात.

मूळ प्रश्नकर्ता:
‘हताहत’ मनात बसला होता, पण बेपत्ता आणि युद्धबंदी त्यातही मावत नाहीत. मग पुन्हा आठवणींकडेच गेलो. लढाईनंतरच्या हजेरीबद्दल सैनिक फार बोलतात. नाव पुकारलं जायचं, उत्तर यायचं नाही, पुढचं नाव. तो मेला, इस्पितळात आहे, पकडला गेला की चिखलात कुठे पडलाय, हे त्या क्षणी कुणालाच ठाऊक नसे. पलटणीच्या लेखी ‘कॅज्युअल्टी’ म्हणजे लढण्याच्या कामातून गेलेला, एवढंच. हे उलगडल्यावर एका शब्दाचा हट्ट सुटला.

आता जिथे आकडा आहे तिथे लांब लिहितो: ‘मृत, जखमी, बेपत्ता आणि पकडले गेलेले मिळून ५७,४७०’. जिथे सैनिक स्वतः बोलतोय तिथे ‘आमच्या तुकडीतले इतके गेले’ असंही लिहिणार नाही, कारण मराठीत ‘गेले’ म्हटलं की वारले. ‘हजेरीला इतके कमी भरले’ असं लिहितोय.

प्रतिसाद २:
‘कमी भरले’ हे ‘हताहत’पेक्षा सरस. तेच ठेवा.