टरेट पंचवर १ मिमी पत्र्याला बर, चकतीपण वर येतेय

नवा_ऑपरेटर:
कालपर्यंत या भोकं पाडायच्या मशीनवर २ मिमी एमएसला (साध्या पोलादाला) १० मिमीची गोल भोकं मारत होतो, तक्रार शून्य. आज तोच प्रोग्राम १ मिमी ॲल्युमिनियमवर लावला, तर खालून बोटाला लागेल एवढी बर, म्हणजे भोकाच्या कडेला उरलेली धारदार किनार. मधूनच एखादी चकती (भोकातून निघालेला गोल तुकडा) पंचाला चिकटून वर येते. एक तर पत्र्यावर पडून पुन्हा पंचाखाली आली, तिचा ठसा उमटला, पत्रा बाद. शिफ्टमधले म्हणतात टनेज, म्हणजे मशीनचा जोर, कमी पडतंय. मशीन २० टनी आहे. खरंच तसं असेल?

टूलरूमवाला:
टनेजचा काही संबंध नाही. लागणारा जोर म्हणजे भोकाचा परीघ गुणिले जाडी गुणिले पत्र्याची शिअर स्ट्रेंग्थ (कापलं जायला होणारा विरोध). कालच्या एमएसला ३१.४ × २ × ३५०, म्हणजे २२,००० न्यूटन, सव्वादोन टन. आजचं काम त्याहून हलकं. २० टनी मशीनला ही गुदगुलीसुद्धा नाही.
डायवर, म्हणजे पंचाखालच्या भोकाच्या साच्यावर, आकडा काय कोरलाय? आणि एक चकती कडेने बघा, चकचकीत पट्टा किती दिसतो?

नवा_ऑपरेटर:
१०.४. कालचीच डाय, बदलली नाही. चकतीची एक बाजू गोल वळलेली, चकचकीत पट्टा नावापुरता.

टूलरूमवाला:
सापडला चोर. पंच अख्खी जाडी कापतो असं वाटतं ना? नाही कापत. साधारण तिसरा हिस्सा घुसतो, तोच तुमचा चकचकीत पट्टा. मग पंचाच्या धारेपासून एक चीर खाली निघते, डायच्या धारेपासून एक वर, दोन्ही भेटल्या की चकती तुटून पडते. त्या भेटायच्या तर क्लिअरन्स (डायचं भोक पंचापेक्षा जेवढं मोठं तो फरक) जाडीच्या मानाने हवा. २ मिमीला ०.४ म्हणजे २० टक्के, ठीक. तोच १ मिमीला ४० टक्के झाला! पत्रा फटीत ओढला जातो, ती बर. चकतीही डायमध्ये ढिली पडते, मग तेलाने पंचाला चिकटून वर येते. १०.१५ लावा.
आणि बर नको म्हणून फार घट्टही करू नका. मी उमेदवारीत केलं होतं. चिरा एकमेकींना चुकल्या, पंच पत्र्यात इतका आवळला की स्ट्रिपरला (पंचावरून पत्रा सोडवणाऱ्या प्लेटला) सुटेना, टोकच तुटलं. त्या दिवशी काय ऐकून घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बेंडिंगवाला:
हा पत्रा पुढे वाकवणार असाल तर बरची बाजू बेंडच्या आत ठेवा. बाहेर राहिली की तिथूनच तडा जातो.

नवा_ऑपरेटर:
१०.१५ नाहीये, १०.२ आहे. चालेल?

टूलरूमवाला:
पळेल. पण लावायच्या आधी पंचाची कड उजेडात धरा. कडेने चमकती रेघ दिसली तर धार गेलीय, आधी ग्राइंडिंगला द्या. डाय घासलीत तर जेवढी घासली तेवढ्या जाडीची शिम (पातळ पट्टी) खाली टाका, विसरू नका.