सोलापुरात बोटीतलं हॉटेल: पाण्यात तरंगतं ठेवायचं की काठावर बसवायचं?

विजापूर रोड
मासेमारीची जुनी बोट आणावी, तिच्यात 40 जणांची बैठक करावी आणि ती विजापूर रोडच्या संभाजी तलावात नाहीतर हिप्परगा तलावात पाण्यात ठेवावी, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा धागा (प्रत्येक मतावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे). माझं मत आधीच सांगतो. बोट जरूर आणा, पण पाण्यात सोडू नका. काठावर लोखंडी पाळणा, म्हणजे बोट सरळ धरून ठेवणारा सांगाडा, करून त्यावर बसवा.

कारण वजनाचं आहे. मासेमारीच्या बोटीत बर्फ, मासे, डिझेल सगळं तळाशी असतं, म्हणून ती लाटेत उभी राहते. हॉटेल केलं की तळ रिकामा होतो आणि टेबलं, पत्रा, माणसं वर चढतात. 15 मीटर लांब, 4 मीटर रुंद, माणसांसकट 25 टनांची बोट धरा. सूर्यास्ताचा फोटो काढायला 40 माणसं एका कठड्याकडे गेली, म्हणजे 3 टन वजन सव्वा मीटर बाजूला सरकलं. वर मजला असेल तर अशी बोट 13-14 अंश कलू शकते. एवढ्यात टेबलावरचे ग्लास घसरतात, माणसं घाबरून आणखी त्याच बाजूला जातात. केरळात तानूरला 7 मे 2023 रोजी 22 जण बुडाले. ती बोटही मासेमारीचीच होती, बदल करून पर्यटकांसाठी वापरत होते, आणि वर क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती.

हिप्परगा
मालक, हिशोब बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पटत नाही. काठावर बसवलेली बोट म्हणजे बोटीच्या आकाराची पत्र्याची शेड. त्यासाठी कोण विजापूर रोडला येईल?

अरुंद बोट कलते, तर ती रुंद करा. दोन्ही बाजूंना एकेक मीटरचे बंद लोखंडी पिंप-तराफे जोडले की 4 मीटरची बोट 6 मीटरची होते. स्थिरता रुंदीच्या घनाने वाढते, म्हणजे दीडपट रुंदीला सव्वातीन पटींहून जास्त. वरचा मजला काढून टाका, तीच 40 माणसं एका बाजूला गेली तरी तीन-चार अंशांच्या पुढे जाणार नाही.

आणि अंदाजावर ठेवू नका, मोजा. वारा नसताना सकाळी बोटीत दीड मीटरचा ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) टांगा, खाली पट्टी ठेवा, टोक पाण्याच्या बादलीत बुडवा म्हणजे हलणार नाही. वाळूची 50 किलोची 10 पोती मध्यापासून 2 मीटर बाजूला सरकवा. 25 टनांच्या बोटीत ओळंबा 10 सेंटीमीटर सरकला तर ती तुम्ही म्हणता तशी नाजूक आहे. 2 सेंटीमीटरच्या आत राहिला तर निर्धास्त गिऱ्हाईक घ्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे हे.

भट्टी
तरंगती असो नाहीतर बसवलेली, स्वयंपाक बोटीत करायचा नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दारं उघडून बाहेर काढता तरी येतो, बोटीत गळला तर तळात साचतो आणि तिथून निघायला वाट नसते. पंपाच्या स्विचची एक ठिणगी पुरते. 19 किलोचे सिलिंडर काठावर, भट्टी काठावर.

शिक कबाब कोळशावरचाच हवा आणि तो तीन-चार मिनिटांत पानात पडला पाहिजे, म्हणून काठावरून बोटीवर जायचा पूल 20-25 मीटरच्या पुढे नको. बोटीवर थंड पदार्थ ठेवा: कडक भाकरी, शेंगा चटणी, दही, कांदा. कडक भाकरीला ताजी आगच लागत नाही, दमट हवेपासून मात्र झाकून ठेवावी लागते, नाहीतर पाण्यावर तासाभरात चिवट होते.

विजापूर रोड
हिप्परगा, ओळंब्याची गोष्ट मान्य. पण आपल्याकडचं पाणी जागेवर राहतं कुठे? कमी पावसाच्या वर्षी मे महिन्यात काठ कितीतरी मागे सरतो. बोट गाळात बसते, ती सपाट बसत नाही. एक बाजू रुतते, सांगाडा पिळला जातो, फळ्यांचे सांधे उघडतात. जूनमध्ये पाणी वाढलं की तिथूनच आत येतं.

शिवाय वळवाचा वारा. 21 मे 2024 ला उजनीत कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळात उलटली आणि 6 जण गेले. छत आणि पडदे लावलेली बोट म्हणजे शीडच.

हिप्परगा
म्हणून दोरावर बांधायचीच नाही. खोल भागात चार जाड लोखंडी पाइप रोवायचे आणि बोटीला कड्या लावायच्या. पाणी चढेल-उतरेल तशी बोट कड्यांवर वर-खाली होते, बाजूला जात नाही. पूल बोटीकडे चाकांवर टेकवायचा. एप्रिल ते जून दुपारी बंद, आभाळ भरलं की माणसं काठावर. पडदे लावायचेच नाहीत.

आणि तुमच्या पाळण्यावर लाकूड टिकेल कसं? सोलापूरच्या 42 अंशांत फळ्या आटून त्यांच्यात फटी पडतात. त्या फटी लपवायला वरून फायबर चढवलं तर आत ओल कोंडून लाकूड कुजतं.

सात रस्ता
दारूचं कुणीच बोललं नाही. महाराष्ट्रात बिअरला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं वय लागतं, हे तपासायचं पुलाच्या अलीकडे, टेबलावर नाही. माझा विरोध तरंगत्या बोटीत दारू देण्याला आहे, बोटीला नाही. चार पेग घेतलेला माणूस रात्री अकराला हलत्या पुलावरून उतरतो. पाण्यात पडला तर अंधारात पहिल्या दोन मिनिटांत सापडायला हवा. कठडा सव्वातीन-साडेतीन फूट, गजांत चार इंचांपेक्षा जास्त फट नको, पुलावर खडबडीत पत्रा, दिवे पायाशी. प्यायचं ते काठावरच्या अंगणात, जेवायचं बोटीत, असं ठेवा.

विजापूर रोड
सात रस्ता यांचं अंगण मला पटतं. आता सांडपाण्याचं सांगा. 80 गिऱ्हाइकं, माणशी 15 लिटर, म्हणजे रोज 1200 लिटर. हे तलावात सोडलं की जलपर्णीला खतच. संभाजी तलावातली जलपर्णी एकदा काढून संपत नाही.

हिप्परगा
टाकी तळाच्या मध्यभागी, रोज रात्री काठावर उपसायची. टाकीत आडव्या-उभ्या पत्र्यांचे कप्पे करा. अर्धी भरलेली मोकळी टाकी बोट कलली की त्याच बाजूला पाणी ओतते आणि वाळूच्या पोत्यांची सगळी चाचणी वाया घालवते. म्हणून ती चाचणी टाकी अर्धी भरूनच घ्या.