शिळासप्तमीचे घारगे

(आमचा फॅमिली ग्रुप, नागपंचमीच्या संध्याकाळपासून सप्तमीच्या दुपारपर्यंत)

मी: दिंडं खाऊन झाली असतील सगळ्यांची, तर एक विचारायचंय. परवा शिळासप्तमी, म्हणजे उद्या घारगे करायचेत. गेल्या वर्षी माझे घारगे तेलात फुटले आणि भरपूर तेल प्यायले. डब्यातला कागद चिंब झाला होता. प्रमाण एका व्हिडिओतलं होतं: २ वाट्या भोपळा, १ वाटी गूळ, २ वाट्या कणीक. वाटी सपाट करून मोजलं होतं, तरी बिघडलं. नुसती रेसिपी नकोय, काय चुकलं ते समजून घ्यायचंय.

वहिनी (ठाणे): मलाही हवंय हे. माझे फुटत नाहीत, पण दुसऱ्या दिवशी चामट होतात. आणि सप्तमीला तर शिळेच खायचे.

मोठी काकू (नागपूर): आमच्याकडे कोहळ्याचे बोंडं करतात. शिजलेलं कोहळं, गूळ, कणीक, पीठ जरा सैल ठेवायचं आन् हातानंच तेलात सोडायचं. थापायचं कामच नाही. करून पाहा एखादेवेळी, लेकरं आवडीनं खातात.

आई: बोंडं छानच लागतात. पण ती गरम खायची गोष्ट. शिदोरीला नि सप्तमीला घारगेच बरे, तीन-चार दिवस हलत नाहीत.

आत्या (दापोली): भोपळा आज आणून ठेव, पण चिरू नको हो. पंचमीला चिरणं-तळणं नाही आपल्यात. उद्या सकाळी चीर.

दादा (ठाणे): आत्ताच मंडईतून आलो. काकू, तुझा मेसेज वाचून कोहळा घेतला, चांगला चार किलोचा. आता ही म्हणते हा नव्हेच.

वहिनी (ठाणे): पांढरा कोहळा आणलाय. राखाडी साल, पेठ्याचा असतो तो.

मोठी काकू (नागपूर): अरे बापा! आमच्याकडे लाल भोपळ्यालाच कोहळं म्हणतात. माझ्या ध्यानातच नाही आलं. फोटो टाकायला पाहिजे होता मी.

आई: गावागणिक नाव बदलतं त्याचं. आपल्याकडे लाल भोपळा, कुणी डांगर म्हणतं, खानदेशात गंगाफळ. दादा, तो कोहळा वाया जाणार नाही. अख्खा ठेवलास तर सालीवरच्या त्या पांढऱ्या थरामुळे महिनेच्या महिने टिकतो. दिवाळीनंतर ऊन पडलं की सांडगे घालू.

दादा (ठाणे): बरं. मग लाल भोपळा कसा बघून घ्यायचा ते सांगा, पुन्हा जातोय.

आत्या (दापोली): अख्खा घेणार असशील तर देठ वाळलेला हवा नि हातात जड लागायला हवा. साल चकचकीत नको, नखानं ओरखडा निघता नये. फोड घेणार असशील तर आतून गडद केशरी बघ. फिकट पिवळा नि कडेला पाणी सुटलेला घेऊ नको, तो भाजीत चालतो.

ताई (जर्मनी): इथे आपल्यासारखा भोपळा जवळच्या दुकानात नाही. बटरनट मिळतो, लांबट, बदामी सालीचा. चालेल का? गूळ आणि आटा भारतीय दुकानातून आणलाय.

काका (नागपूर): चालेल. आपल्या बाजारातल्या बऱ्याच लाल भोपळ्यांची आणि बटरनटची वनस्पतिशास्त्रातली जात एकच आहे. तशी ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीज दर्यावर्दी यायला लागल्यानंतरच इकडे पोचली. दुधी आणि पांढरा कोहळा मात्र आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत.

ताई (जर्मनी): म्हणजे त्याच्याच घरचा म्हणायचा. बरं वाटलं काका.

आई: आजी शेजारी बसलीय. तिला सगळं वाचून दाखवलं. ती सांगतेय तसंच लिहिते, मध्ये कुणी लिहू नका.

आई: "मोजायचा तो गूळ. कणीक मोजायची नाही. भोपळा मागेल तेवढी कणीक. एका भोपळ्यात पाणी किती नि दुसऱ्यात किती, ते त्या व्हिडिओवाल्या बाईला कसं ठाऊक असणार? पावसाळ्यातला भोपळा पाणचट निघाला की पीठ सैल होतं. सैल पीठ तेलात गेलं की तेल पितं. मग आपण घाबरून कणीक वाढवतो, की घारगा चामट. दोघींचं दुखणं एकच आहे, पाणी."

आई: "म्हणून पाणी आधी घालवायचं. कुकरला लावायचा नाही, वाफेचं पाणी वर पडतं. भोपळा किसायचा आणि कढईत चमचाभर तुपावर परतायचा, झाकण न ठेवता. आधी पाणी सुटेल, मग आटेल. कढईत चरचर ऐकू यायला लागली की आटलं समजा. मग चिरलेला गूळ. गूळ पडला की परत पातळ होतं, भिऊ नका. विरघळला, एक चटका बसला की खाली उतरवा. तिथं रेंगाळलात तर पाक होतो, आणि पाकाचा घारगा दुसऱ्या दिवशी दाताला लागतो."

मी: आजी, मी कुकरलाच लावला होता गेल्या वर्षी. आणि मिश्रण गरम असतानाच कणीक घातली.

आई: ती म्हणतेय, "तेच. पूर्ण गार होऊ दे. गरमात किती कणीक लागते त्याचा अंदाज येत नाही." आणि विचारतेय, पीठ भिजवून किती वेळ ठेवलं होतंस?

मी: रात्रभर, फ्रिजमध्ये. सकाळी तळले.

आत्या (दापोली): मग तिथंही हातचं गेलं बाय. गुळाचं पीठ जितका वेळ राहील तितकं सैल पडत जातं. मी अर्ध्या तासाच्या वर ठेवत नाही. आणि गूळ जास्त झाला तरी घारगा तेलात फुटतो, विरघळायलाच लागतो. चार वाट्या किसाला पावणेदोन वाट्या गूळ, वर नको. भोपळा चवीला गोड असेल तर दीडच.

वहिनी (ठाणे): आत्या, तू तांदळाचं पीठ घालतेस ना?

आत्या (दापोली): घालते तर. कणीक भिजवताना मूठभर पिठी. कडा खुसखुशीत राहते. आई रवा घालायची आधी, आता तीही पिठीच घालते. मोठ्या काकडीचे घारगे करतो ना आम्ही, तवशाचे, त्यात तर तांदळाचंच पीठ जास्त. मोहन विसरू नका. एवढ्या पिठाला दोन मोठे चमचे तेल, चांगलं कडकडीत. वहिनी, तुझे चामट होतात ते मोहन कमी पडतं म्हणूनही असेल. आणि पोळीच्या कणकेसारखं तिंबत बसू नको, गोळा झाला की हात काढ.

मोठी काकू (नागपूर): आमच्याकडे काही बाया सोडा घालतात.

आई: घारग्यात नको. सोड्यानं जास्तच तेल पितात आणि रंग काळपट येतो. दूधही नको, टिकत नाहीत मग. भोपळ्याच्या ओलाव्यातच भिजवायचं, वरून पाण्याचा थेंब नाही. वेलची, जायफळ, चिमूटभर मीठ. मीठ घालाच, त्यानं गोडी उठते.

काका (नागपूर): माझ्या शुगरचं काय? गूळ चालतो म्हणतात लोक.

वहिनी (ठाणे): नाही काका, गुळानेही साखर वाढतेच. त्या भरवशावर राहू नका.

आई: भावजी, तुमच्यासाठी काकू दशमी करेल. नावापुरता गूळ, आणि तव्यावर जरासं तूप सोडून भाजायची. एकच खा.

(षष्ठी)

मी: सकाळी भोपळा चिरला. ६०० ग्रॅमची फोड, साल आणि बिया काढून ४५० ग्रॅम भरला. किसून चार वाट्या गच्च. तुपावर टाकला तर इतकं पाणी सुटलं की कढईत भाजी शिजतेय असं वाटलं. आटायला पंधरा-सतरा मिनिटं लागली. आजी म्हणाली तशी चरचर नीट ऐकू आली. गेल्या वर्षी हे सगळं पाणी माझ्या पिठात होतं.

ताई (जर्मनी): माझंही वजन तेवढंच, ४५० ग्रॅम. पण बटरनटला जेमतेम पाणी सुटलं, आठ मिनिटांत कोरडा. कणीक साडेचार वाट्या आणि वर पिठी. तुझं?

मी: साडेपाच! आटवूनसुद्धा.

ताई (जर्मनी): वजन तेच, गूळ तेवढाच, आणि वाटीभर कणकेचा फरक. आजीला सांगा ना हे.

आई: सांगितलं. "मग मी काय म्हणत होते" म्हणाली, आणि हसली.

दादा (ठाणे): मी तळणीला बसलोय. पहिले दोन बाहेरून काळे, आतून कच्चे.

आई: आच कमी कर. गूळ आहे पिठात, तो लगेच रंग धरतो, साधी पुरी तेवढी नाही धरत. पिठाची गोळी टाकून बघ. खाली जाऊन सावकाश वर आली पाहिजे. टाकल्या टाकल्या वर उसळली तर तेल जास्त तापलंय, तळाशीच बसून राहिली तर गार आहे. गार तेलातही तेल पितात, तेव्हा अगदी मंदही नको. आणि थापलाय किती जाड?

दादा (ठाणे): जरा जाडच झाला. भाकरीएवढा.

आत्या (दापोली): पुरीच्या दुप्पट जाड, त्याहून नको. केळीच्या पानावर तेलाचा हात लावून थापायचा, पान नसेल तर दुधाची पिशवी उलगडून घे. वर खसखस दाबायची ती थापतानाच, मागाहून चिकटत नाही.

मी: तळून झाले. ३५ निघाले. एकही फुटला नाही. चाळणीत पुरणपोळीसारखे एकावर एक न ठेवता उभे लावून ठेवले, खाली ताटलीत अगदी थोडं तेल उतरलं. एक गरम गरम चाखला, नैवेद्याचे बाजूला काढून. मऊ आहे, कडा कुरकुरीत. मला फार बरं वाटलं. गेल्या वर्षी सासूबाईंसमोर तो तेलकट डबा ठेवताना वाईट वाटलं होतं. त्या काही बोलल्या नव्हत्या, पण मला लागलं होतं.

मोठी काकू (नागपूर): होते गं असं पहिल्यांदा. आता तुझा हात बसला. मीबी आज बोंडं सोडून घारगे करून राहिले, तुम्ही सारे एवढे लिहून राहिले म्हणून.

आई: डबा लगेच लावू नको. पंख्याखाली पूर्ण गार होऊ दे. आत वाफ धरली की दोन दिवसांत बुरशी, त्यातून ही पावसाळी हवा.

(सप्तमी)

वहिनी (ठाणे): काल रात्री शेगडी धुऊन पुसून ठेवली, सकाळी हळदकुंकू, फूल वाहिलं. आज गॅस नाही. दहीभात, कालची भाजी आणि घारगे. चामट नाहीत! मोहन आणि पाणी, दोन्ही चुकत होतं माझं. मुलगी लोण्याबरोबर खातेय, हे लोणच्याबरोबर.

ताई (जर्मनी): माझे शेजारी दोन घेऊन गेले काल. सकाळी दार वाजवून विचारलं, हे कशाचं आहे? भोपळ्याचं म्हटल्यावर विश्वास बसेना. आम्ही इथे सूपच करतो म्हणाले. त्यांना कढईत पाणी आटवायचं समजावून सांगताना माझ्या तोंडून आजीचीच वाक्यं येत होती.

आत्या (दापोली): देवदिवाळीला इकडे या सगळ्यांनी. वडे-घारग्यांचा नैवेद्य असतो, तेव्हा माझ्या हातचे खा.

मी: आजीला फोटो दाखव आई. आणि विचार, रंग बरोबर आलाय ना?

आई: बघितला. "खरपूस आलाय, थोडा आधी काढला असता तरी चाललं असतं," म्हणाली. आणि विचारतेय, बिया टाकल्या नाहीत ना?

मी: नाही, धुऊन ताटलीत पसरल्यात. पण ऊनच नाही दोन दिवस.

मोठी काकू (नागपूर): पंख्याखाली ठेव. वाळल्या की तव्यावर भाजून मीठ लाव.

दादा (ठाणे): आमच्या गेल्या कचऱ्यात. त्या मोठ्या कोहळ्याच्या तरी ठेवीन.